शून्य टक्क्यांचं राज्य

नमस्कार श्रोतेहो. मी न्यू जर्सीत लोकांची टॅक्स रिटर्न भरून देते. सह्या होतात, कागद आवरले जातात, आणि निघता निघता निम्मी मंडळी दारात थांबून एकच प्रश्न विचारतात: "ताई, आम्ही टेक्सासला जावं का हो? तिथे म्हणे स्टेट टॅक्सच नाही."

म्हणे नाही, खरंच नाही. पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स न घेणारी नऊ राज्यं आहेत. अलास्का, फ्लोरिडा, नेव्हाडा, न्यू हॅम्पशर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. टेक्सासच्या मतदारांनी तर २०१९ साली कौल देऊन राज्यघटनेतच या टॅक्सला बंदी घातली. तेव्हा शून्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या शून्यासमोर आपण आपला जो आकडा मांडतो, तो मात्र बहुतेकांचा चुकलेला असतो.

"आमचे इथे ६.३७ टक्के जातात," असं मला सांगितलं जातं. जात नाहीत हो. ६.३७ हा न्यू जर्सीच्या वरच्या टप्प्यांपैकी एक आहे, सगळ्या पगाराला लागणारा दर नव्हे. एक घर घेऊ. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, मिळून पगार १,८०,००० डॉलर, दोन मुलं, आणि घराचा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १२,०००. न्यू जर्सी स्वतःच्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सची १५,००० पर्यंत वजावट देते, माणशी थोडी सूटही देते. उरतात १,६३,०००. जोडप्यासाठी पहिल्या २०,००० ला १.४ टक्के, मग १.७५, मग २.४५, असं पायरीपायरीने चढत ८०,००० च्या पुढे ५.५२५ आणि दीड लाखानंतरच्या रकमेला ६.३७. सगळं मिळून टॅक्स होतो साधारण ६,३४०. एकूण पगाराच्या साडेतीन टक्के. हा आकडा ऐकून समोरचा गप्प होतो, कारण तो मनात साडेअकरा हजार धरून बसलेला असतो.

आता हेच घर ह्यूस्टनजवळ कॅटीला नेऊ या. नवी वसाहत, शाळा चांगली, समजा घर ६,००,००० चं. अशा नव्या वसाहतींत शाळेचा आणि काउंटीचा टॅक्स असतोच, शिवाय पाणी, गटारं, पूरनिचरा यांच्या कर्जरोख्यांसाठी वेगळा टॅक्स लागतो. त्या संस्थेला तिकडे सगळे 'मड' म्हणतात. सगळी बेरीज कधीकधी अडीच टक्क्यांच्या घरात जाते. आपण २.४ धरू. वर्षाला १४,४००. राहत्या घराला शाळेच्या टॅक्समध्ये १,४०,००० ची सवलत आहे, त्यातून दीड हजाराच्या आसपास वाचतील. राहिले जवळजवळ १३,०००. म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स न्यू जर्सीइतकाच, किंबहुना हजारभर जास्त. आणि गारपीट, वादळ यांमुळे घराचा विमा तिकडे अंगावर येतो. तो दोन-अडीच हजारांनी वाढला तर ६,३४० मधले हातात उरतात तीन हजारांच्या आसपास.

तीन हजार म्हणजे काही कमी नाहीत. पण तेवढ्यासाठी चालती शाळा, ओळखीचा डॉक्टर आणि रविवारची मराठी शाळा सोडायची का, हा प्रश्न निराळा, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

शिवाय यात केंद्राचाही हात आहे. राज्याचा टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून फेडरल रिटर्नमध्ये वजावट मिळते. २०१८ पासून तिला १०,००० ची मर्यादा होती, त्यामुळे न्यू जर्सी-कॅलिफोर्नियावाल्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. २०२५ साली ती ४०,००० झाली, आणि तिथून दरवर्षी किंचित वाढते. फार मोठ्या उत्पन्नाला ती कमी होत जाते, आणि २०३० पासून पुन्हा १०,००० वर येणार आहे. तोवर ज्यांचं घराचं कर्ज मोठं आहे आणि जे एकेक खर्च दाखवून वजावट घेतात, त्यांना राज्याच्या टॅक्सचा काही भाग इथे परत मिळतो. कॅटीवाल्याला इन्कम टॅक्सच नसल्याने दाखवायलाही तेवढं काही नाही.

हेच गणित पगार पाच-सहा लाखांचा झाला, किंवा माणूस भाड्याच्या घरात राहणारा असला, की उलटं फिरतं. मग शून्य खरोखर शून्यासारखं वागतं. निवृत्त लोकांचंही तसंच. १९९६ पासून फेडरल कायदा असा आहे की तुम्ही राज्य सोडलंत की तुमच्या पेन्शनवर आणि ४०१-के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून काढलेल्या पैशांवर जुन्या राज्याला हात लावता येत नाही. आयुष्यभर इथे एडिसनमध्ये कमावून टँपाला जाऊन बसलेल्या काका-काकूंना हा कायदा फार प्रिय आहे. फक्त फ्लोरिडात घराच्या विम्याचं कोटेशन आधी मागवा, घर नंतर बघा.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियाचा विचार फारसं कुणी करत नाही, याचं मला नवल वाटतं. सरसकट ३.०७ टक्के. डेलावेअर नदी ओलांडून यार्डलीला राहा आणि नोकरी प्रिन्स्टनला करा. दोन राज्यांत करार आहे, त्यामुळे पगारावर न्यू जर्सी टॅक्स घेत नाही. ऑफिसात एनजे-१६५ नावाचा फॉर्म तेवढा भरून द्यायचा. गावाचा टॅक्स वेगळा, बहुतेक ठिकाणी एक टक्का. आणि हो, ४०१-के मध्ये घातलेल्या पैशांवर पेनसिल्व्हेनिया आत्ताच टॅक्स घेते, निवृत्तीनंतर घेत नाही. तरुणाला हे खुपतं, साठीच्या माणसाला आवडतं.

असा करार न्यूयॉर्कबरोबर नाही, आणि न्यूयॉर्क हे प्रकरणच जरा चिवट आहे. समजा, तुमची कंपनी मॅनहॅटनची, तुम्ही घरून काम करता, आणि एक दिवस सामान भरून ऑस्टिनला गेलात. वाटतं, सुटलो. पण न्यूयॉर्कचा नियम असा की घरून काम करणं ही तुमची सोय असेल, कंपनीची गरज नसेल, तर ते दिवस मॅनहॅटनमध्ये बसून काम केल्यासारखेच धरायचे. न्यू जर्सीत असताना तुम्ही न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे इथल्या टॅक्समधून तेवढी सूट, तरी मिळत होतं. टेक्सासचा टॅक्सच नाही, तर क्रेडिट कशातून देणार? न्यूयॉर्कचा पूर्ण टॅक्स भरा आणि वर टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्सही भरा. तेव्हा सामान बांधण्याआधी कंपनीच्या एचआरला एकच विचारा: माझी नोकरी कागदोपत्री कुठल्या ऑफिसला जोडलेली राहणार?

बे एरियातल्या श्रोत्यांसाठी याच जातीची दुसरी गोष्ट शेअर्सची. फ्रीमाँटला असताना कंपनीने आरएसयू, म्हणजे टप्प्याटप्प्याने हातात येणारे कंपनीचे शेअर्स, दिले, ते हातात येणार चार वर्षांत, आणि मधेच तुम्ही सिअ‍ॅटलला गेलात. शेअर्स देऊ केल्याच्या दिवसापासून ते हातात येईपर्यंत जितके कामाचे दिवस कॅलिफोर्नियात गेले, त्या प्रमाणात कॅलिफोर्निया आपला वाटा घेते. मग तुम्ही कुठेही राहत असा. कॅलिफोर्नियात पगारातून कापला जाणारा एसडीआयही आहे, राज्याच्या आजारपण-अपंगत्व विम्याचा हप्ता. त्याला पूर्वी पगाराची मर्यादा होती, २०२४ पासून ती काढून टाकली, पूर्ण पगारावर कापतात. 'कॅलिफोर्निया १३.३ टक्के' असं म्हणून घाबरवणारे बरेच असतात, पण तो दर दहा लाखांच्या वरच्या उत्पन्नाचा आहे. एसडीआय मात्र बहुतेक सगळ्यांचा कापला जातो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि सिअ‍ॅटललाही पूर्ण मोकळीक नाही. वॉशिंग्टन राज्याने २०२२ पासून शेअर्ससारख्या गोष्टींच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर ७ टक्के टॅक्स लावला आहे. वर्षाला अडीच लाखांच्या वरच्या नफ्यालाच, आणि ती मर्यादा महागाईप्रमाणे वाढत जाते. २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या नफ्याला दर ९.९ टक्के आहे. २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. घराच्या विक्रीला तो लागत नाही.

जागा सोडताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो अर्धवट सोडण्याने. नवरा जानेवारीत डॅलसला रुजू, बायको-मुलं शाळा संपेपर्यंत जूनपर्यंत एडिसनला, घर तर वर्षभर विकलेलं नाही. अशा वेळी "मी टेक्सासचा" एवढं म्हणून भागत नाही. मुक्काम खरोखर हलवल्याचं दिसावं लागतं: ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, बँकेचा पत्ता, डॉक्टर, मुलांची शाळा. जुन्या राज्यात घर ठेवून १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात, तर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी तुम्हाला रहिवासीच धरू शकतात. तपासणी आली की फोनचं बिल आणि टोलच्या पावत्यांवरून दिवस मोजले जातात. ईझी-पासचं स्टेटमेंट कुणाच्या बाजूने साक्ष देईल ते आधी बघून ठेवा.

न्यू जर्सीचा तथाकथित 'एक्झिट टॅक्स' हा नवा टॅक्स नाही, हेही सांगून टाकते. राज्य सोडून गेलेल्या माणसाने इथलं घर विकलं की नफ्यावरचा अंदाजे टॅक्स आधीच भरून घेतात, किमान विक्रीच्या किमतीच्या दोन टक्के. रिटर्न भरल्यावर जास्तीचे पैसे परत मिळतात. राहतं घर असेल तर त्याला सूट असते, त्याचा वेगळा फॉर्म आहे.

आता आपल्या लोकांचा खास विषय, पुण्यातला फ्लॅट. भारतात फ्लॅट विकला की दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स, वर अधिभार आणि सेस. तो भरल्याचं क्रेडिट फेडरल रिटर्नमध्ये मिळतं, म्हणून लोकांची समजूत होते की दुहेरी टॅक्सचा प्रश्न मिटला. पण भारत-अमेरिका करार हा दोन देशांच्या सरकारांतला. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी परदेशात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट देत नाहीत, आणि रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर मात्र टॅक्स घेतात. समजा नफा दोन लाख डॉलर झाला. कॅलिफोर्नियाच्या ९.३ टक्क्यांच्या टप्प्यात त्याचे १८,६०० होतात, आणि ते भारतात टॅक्स भरून झाल्यावर. एफडीचं व्याज, भाडं, सगळ्याला हेच लागू. पीपीएफचं व्याज भारतात माफ आहे, इथे नाही.

म्हणून टेक्सास किंवा फ्लोरिडाला जायचं नक्की झालेलंच असेल आणि फ्लॅटही विकायचा असेल, तर क्रम बघा. आधी मुक्काम हलवा, लायसन्स बदला, कागद पक्के करा. खरेदीखताची तारीख त्यानंतरची घ्या. पुण्यातल्या भावाला किंवा एजंटला सांगा की गिऱ्हाईक घाईत असलं तरी नोंदणी चार-सहा महिने पुढे ढकलता येते का ते विचार. तेवढ्यात विसार घेऊन ठेवला तरी चालतो, पण त्याच्या कागदावर सही करण्याआधी इथल्या आणि तिथल्या, दोन्हीकडच्या टॅक्सवाल्याला तो दाखवा.