कोस्ट टू कोस्ट: कर्बी स्टीवन ते केल्ड

सकाळी साडेआठला उत्तर इंग्लंडमधल्या कर्बी स्टीवनच्या बेकरीत ही गर्दी बघा, निम्म्या लोकांच्या पाठीला सॅक आहे आणि सगळे दुपारचं पॅक करून घेतायत, कारण इथून निघालं की केल्डपर्यंत दुकान नाही. आजचं अंतर अठरा-वीस किलोमीटरच आहे, पण मध्ये अख्खा पेनाइन डोंगर आडवा पडलाय.

हा कोस्ट टू कोस्ट वॉक. पश्चिमेला आयरिश समुद्रावरच्या सेंट बीजला बूट पाण्यात बुडवायचे, एक गोटा खिशात टाकायचा आणि साधारण 300 किलोमीटर चालून तो नॉर्थ सीच्या काठी रॉबिन हूड्स बेला टाकून द्यायचा. केंडल गावच्या नगरपालिकेत खजिनदार असलेल्या आल्फ्रेड वेनराइटने रिटायर झाल्यावर 1973 मध्ये हा रूट पुस्तकात मांडला. मांडला खरा, पण काही ठिकाणी वाट म्हणून कायदेशीर हक्कच नव्हता, मग पुढच्या आवृत्त्यांमध्ये रूट बदलावा लागला. हिशेबाच्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं!

आणि हा हक्क म्हणजे नुसती कागदावरची गोष्ट नाही हां. ईडन नदीवरचा छोटा दगडी पूल ओलांडून हार्टली गावातून आपण वर चढतोय, आजूबाजूला सगळी खाजगी शेतं, कुणाची मेंढरं, कुणाचं गवत, आणि तरी पिवळा बाण दिसला की बिनधास्त जायचं, शेतकरी अडवू शकत नाही. 1949 च्या कायद्याने अशा पायवाटा सरकारी नकाशावर नोंदवायला लावल्या. माळरानावर आणि डोंगरावर वाट सोडूनही फिरायची परवानगी मात्र 2000 च्या कायद्याने आली, त्यासाठी 1932 मध्ये किंडर स्काउट या खाजगी डोंगरावर लोक मुद्दाम घुसले होते आणि त्यातले काही जेलमध्ये गेले.

दगडखाणीच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, वारा सुरू होतो. आणि ते बघा वर, क्षितिजावर नऊ जण रांगेत उभे राहिल्यासारखे दगडी मनोरे. नाइन स्टँडर्ड्स, उंची 662 मीटर. चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगडावर दगड. कुणी आणि कशासाठी रचले, कुणालाच ठाम सांगता येत नाही, लोक म्हणतात की स्कॉटलंडच्या सैन्याला वाटावं इथे फौज उभी आहे म्हणून. स्टोरी भारी आहे, पण माझा नाही विश्वास.

खरी गंमत पायाखाली आहे. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यासारखंच इथे पाणी वाटलं जातं: मागे पडलेला पाऊस ईडनमधून आयरिश समुद्राकडे, पुढे पडलेला स्वेल नदीतून नॉर्थ सीला. म्हणजे आपण अजून अर्ध्यावर आहोत आणि इथलं पाणी मात्र आपल्या आधी पलीकडच्या समुद्राला निघालंय.

आता चिखल. साधा नाही, पीट, म्हणजे शेवाळ आणि झाडपाला पाण्यात न कुजता हजारो वर्षं साठत गेलेला काळा थर, वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. आणि बूट? एका पावलात घोट्यापर्यंत आत. लोक चिखल टाळायला बाजूने जातात, मग तीही बाजू खराब होते, आणि वाट रुंद होत होत रस्त्याएवढी होते. म्हणून इथे सीझनप्रमाणे तीन रूट ठरवले होते, मे ते जुलै लाल, ऑगस्ट ते नोव्हेंबर निळा, हिवाळ्यात हिरवा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला थोडी विश्रांती मिळायची. लोकांना कटकट वाटायची, मला तर ही या वॉकवरची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटली.

दुपारी व्हिटसनडेलच्या ओढ्याला लागून खाली, रेव्हनसीटचं फार्म येतं. काळ्या तोंडाची, पांढऱ्या नाकपुडीची ही स्वेलडेल जातीची मेंढी. पुढच्या दगडी भिंतींत इतकी अरुंद फट ठेवलेली असते की माणूस अंग तिरकं करून सुटतो, मेंढी अडकते, आणि मोठी सॅक असेल तर माणूसही अडकतो.

केल्ड छोटंसं गाव, इथे आपली वाट पेनाइन वे या दुसऱ्या लांब पायवाटेला क्रॉस करते. उद्या रीथला जायचे दोन रस्ते आहेत, एक वरून जुन्या शिशाच्या खाणींतून आणि एक खालून नदीकाठाने. वेनराइटने वरचा दिलाय. जूनमध्ये आला असाल तर खालूनच जा, म्यूकर गावची गवताची कुरणं तेव्हा फुलांनी भरलेली असतात, आणि तिथे पाटीवर लिहिलंय तसं एकामागे एकच चाला, कारण ते गवत कापून हिवाळ्यात याच मेंढरांना घालायचं असतं.