घाणा कितीला उतरवला?

मित्रहो, पीव्हीसीच्या पाइपात दोष निघाला की आपण प्रथम फॉर्म्युल्याकडे बोट दाखवतो. पावडर एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे पाइप काढणाऱ्या यंत्राच्या, हॉपरमध्ये (वरच्या नरसाळ्यात) पडण्यापूर्वी तिच्यावर उष्णतेचा कोणता संस्कार झाला, म्हणजे मिक्सरमधला घाणा किती अंशांवर उतरवला, हे त्याआधी विचारले पाहिजे, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

पीव्हीसी नुसते तापवले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तोच पुढचे विघटन वाढवतो आणि माल पिवळा, तपकिरी, अखेर काळा पडतो. म्हणून हे विघटन रोखणारा स्टॅबिलायझर लागतो. वंगण म्हणून घातलेल्या वॅक्सचे काम चकलीतल्या मोहनासारखे असते. मोहन कमी पडले तर चकली कडक होते आणि जास्त झाले तर ती तेलात हसते. तसेच वॅक्स कमी पडले तर माल धातूला चिकटून जळतो आणि जास्त झाले तर कण एकमेकांवरून नुसते घसरतात, एकजीव होत नाहीत.

एका कारखान्यातला अनुभव थोडा विस्ताराने सांगतो, कारण माझे मत त्यातूनच बनले. ट्रॅक्टरवरून उतरवताना पाइप तडकतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार आली. फॉर्म्युला कित्येक महिने तोच होता, तरीही वॅक्स जास्त झाले असे ठरवून ते कमी करण्यात आले, आणि त्याला मीही संमती दिली. दुसऱ्या दिवशी पाइपाच्या आतल्या बाजूला तपकिरी रेघा उमटल्या. स्टॅबिलायझर वाढवला, तेव्हा रेघा कमी झाल्या, पण तडकणे थांबले नाही. तीन दिवस आणि बराच माल वाया गेल्यावर मिक्सरची नोंदवही उघडली, तेव्हा उत्पादन वाढवण्याच्या घाईत ११८ अंशांवर उतरणारा घाणा ९५ अंशांवरच कूलरमध्ये सोडला जात होता, असे दिसले. त्या तापमानाला काही घटक पुरते वितळलेच नव्हते, त्यामुळे ते कणांवर सारखे पसरले नव्हते. पावडर हलकी राहिली होती आणि एक्स्ट्रूडरमध्ये माल पुढे ढकलणारा स्क्रू पुरता भरत नव्हता. त्या पाइपाचे तुकडे डायक्लोरोमिथेन या द्रावकात बुडवल्यावर आतला पृष्ठभाग फुगून सुटू लागला, म्हणजे जेलेशन, अर्थात कणांचे वितळून एकजीव होणे, अपुरे होते. जुने वॅक्स परत घालून घाणा पूर्ववत ११८ ला उतरवला, आणि तक्रारी थांबल्या.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी समोर आली आहे, तेव्हा एक्स्ट्रूडरच्या स्थितींविषयी जे सविस्तर सांगायचे होते ते थोडक्यात मांडतो. स्क्रूचा वेग वाढवला की माल बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रूभोवतीच्या तापत्या नळीत, कमी वेळ राहतो, पण घर्षणाची उष्णता वाढते. म्हणून केवळ हीटरचे आकडे पाहून वितळलेल्या मालाचे तापमान कळत नाही. बॅरलमधली हवा ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमच्या तोंडापाशी पावडर दाण्यांच्या रूपात बांधली गेलेली दिसली पाहिजे. ती तिथे कोरडीच असेल तर पंपात ओढली जाते, आणि तिथे पोहोचण्याआधीच पुरती वितळून गच्च झाली असेल तर आतली हवा आणि ओलावा नीट निघत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पाइपांतील शिशाच्या स्टॅबिलायझरबाबत नियम केले, आणि अनेकजण कॅल्शियम-झिंकच्या स्टॅबिलायझरकडे वळले. शिशाचे काही क्षार वंगणाचेही काम करत असत, त्यामुळे हा बदल करताना वॅक्सचे प्रमाण, घाण्याचे तापमान आणि बॅरलच्या वेगवेगळ्या झोनचे तापमान हे सारे एकत्रच नव्याने बसवावे लागते.