मातीतून पोटात

ठाण्यात लोकमान्यनगरच्या पाड्यांवर येऊरचा डोंगर अगदी अंगाशी आलेला. तिथल्या एका अंगणवाडीत आज जंतनाशक दिन. तारीख १० फेब्रुवारी. सेविकाताई एकेका मुलाला गोळी भरवतायत.

"चाव बाळा, नुसती गिळू नको."

गोळी अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच, तीही चुरून.

दारातली आई म्हणते, "ताई, हा झोपेत दात खातो. गूळ फार लागतो ना याला!"

घरोघरी हेच ऐकत वाढलो आपण. पण जंत गुळातून होत नाहीत. ते येतात मातीतून. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. उघड्यावरच्या विष्ठेतून ती मातीत जातात, ओल्या सावलीत दोन-चार आठवडे तयार होतात आणि नखांतून, न धुतलेल्या भाजीतून पुन्हा कुणाच्या तरी पोटात. अंकुशकृमीला तोंडाची वाटही लागत नाही. अनवाणी पायाच्या कातडीतूनच त्याची अळी आत शिरते. पुढे तो आतड्याला चिकटून रक्त पितो. मूल फिकट पडतं, वर्गात पेंगतं. अशा मुलाला आपण आळशी म्हणून मोकळे होतो, याचं फार वाईट वाटतं.

देशात हे जंत किती मुलांत आहेत? राज्याराज्यांत पाहणी झाली, २०१६ अखेर ती पुरी झाली. मध्य प्रदेशात प्रमाण निघालं १२.५ टक्के, तमिळनाडूत ८५. इतकी तफावत असताना देशाची सरासरी सांगून काय कळणार? विचारायचं ते गावाचं, पाड्याचं, तिथल्या संडासाचं.

जंतनाशक दिनाची ही मोहीम २०१५ साली ११ राज्यांत सुरू झाली. छत्तीसगडमध्ये २०१६ साली ७४.६ टक्के असलेलं प्रमाण २०१८ मध्ये १३.९ वर आलं. केवढा दिलासा! आंध्र प्रदेशात मात्र २०१६ ते २०१९ या काळात ३६ वरून जेमतेम ३४.३. गोळी पोटातले जंत मारते, अंगणातल्या मातीतली अंडी तशीच राहतात. म्हणून तर ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

दुपार झाली. ताई रजिस्टरवर बोट फिरवतात. काही नावांपुढची जागा अजून कोरी आहे. कुणी आजारी, कुणी गावाला गेलेलं. राहिलेल्यांसाठी पुन्हा फेरी असते. त्या नावांखाली ताई पेन्सिलीनं रेघ ओढतात.