महाराजा दुलीपसिंग : पाल्य आणि पालक

श्रोतेहो, दुलीपसिंगांचे नाव निघाले की बोलणे लगेच कोहिनूरवर जाते आणि हिऱ्याच्या झळाळीत एक साधा कायदेशीर प्रश्न झाकून जातो. पालकाला आपल्याच पाल्याचे राज्य घेता येते का, एवढाच तो प्रश्न आज मला मांडायचा आहे.

पंजाबचे शीख महाराजा रणजितसिंग यांचा हा धाकटा मुलगा १८३८ मध्ये जन्मला. वडिलांमागे लाहोर दरबारात कटकारस्थानांना ऊत आला आणि १८४३ च्या सप्टेंबरात तेव्हाचे महाराजा शेरसिंग यांचा खून झाल्यावर पाच वर्षांच्या दुलीपला गादीवर बसवून आई जिंद कौर कारभार पाहू लागल्या. पहिल्या इंग्रज-शीख युद्धातील पराभवानंतर डिसेंबर १८४६ मध्ये भैरोवालचा तह झाला, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. महाराज सोळा वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे ४ सप्टेंबर १८५४ पर्यंत, ब्रिटिश रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधीच्या, देखरेखीखाली सरदारांच्या मंडळाने राज्य चालवायचे आणि लाहोरातील ब्रिटिश फौजेपोटी दरबाराने वर्षाला बावीस लाख रुपये भरायचे, असे त्यात ठरले. आपल्याकडे सातबाऱ्यावर ज्याला अज्ञान पालनकर्ता म्हणतात, ती जागा ईस्ट इंडिया कंपनीने अशी स्वतःकडे घेतली, तीही पगारी.

मूल मात्र अगदीच मुके नव्हते. ऑगस्ट १८४७ मध्ये इंग्रजांच्या मर्जीतला सरदार तेजसिंग याला राजा हा किताब देण्याच्या समारंभात त्याच्या कपाळी टिळा लावायला दुलीपने भर दरबारात नकार दिला. ही आईची शिकवण, असे ठरवून जिंद कौरना शेखूपुऱ्याला हलवले आणि पुढे पंजाबाबाहेर काढले.

१८४८ मध्ये मुलतानला बंड उठले आणि त्यातून दुसरे युद्ध पेटले. बंड ज्या सरकारविरुद्ध झाले, ते सरकार रेसिडेंटच्या हुकमतीखाली चालत होते. तरीही शिक्षा झाली ती पाल्याला. २९ मार्च १८४९ रोजी दहा वर्षांच्या मुलाकडून राज्याचा हक्क सोडवून घेतला गेला, दरबाराची मालमत्ता जप्त झाली, कोहिनूर राणी व्हिक्टोरियाला देण्याचे कलम घातले गेले आणि मोबदला ठरला चार ते पाच लाखांचा तनखा, तोही नातेवाईक व नोकरचाकर धरून. गव्हर्नर जनरल डलहौसीचे समर्थक याला युद्धाचा निकाल म्हणतात. पण पालकाने पाल्याशी युद्ध पुकारून त्याची मिळकत जिंकावी, हे कोणत्या न्यायात बसते?

पुढे फतेहगडला डॉ. लॉगिन यांच्या देखरेखीखाली शिक्षण, १८५३ मध्ये ख्रिस्ती धर्म, १८५४ मध्ये इंग्लंड. आईची भेट झाली ती थेट १८६१ मध्ये, कलकत्त्याला. १८६३ मध्ये लंडनला त्या वारल्या. त्यांचे अंत्यसंस्कार पंजाबात होऊ दिले नाहीत, म्हणून त्यांची समाधी आपल्या नाशिकला, पंचवटीत गोदाकाठी झाली. १९२४ मध्ये नात बांबा यांनी त्यांची रक्षा लाहोरला नेली.

१८८२ मध्ये ‘टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात दुलीपसिंगांनी पालकत्वाचा हाच मुद्दा जाहीरपणे मांडला. इंग्लंडातील एल्वेडनची जहागिरी, शिकारी, कर्ज हे सगळे खरे आहे आणि त्यांच्या उधळेपणावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण त्या खर्चाचा हिशेब १८४९ च्या व्यवहाराला लागू होत नाही, आणि सरकारला मात्र तोच हिशेब सोयीचा होता. १८८६ मध्ये ते हिंदुस्थानाकडे निघाले, तेव्हा त्यांना वाटेत एडन बंदरात अडवण्यात आले. तिथेच त्यांनी पुन्हा शीख धर्म स्वीकारला आणि मागे फिरून पॅरिस गाठले. पुढे रशियाची मदत मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि १८९३ मध्ये पॅरिसलाच ते निवर्तले.