मायनर गाण्याला कोणता हार्मोनिका? आधी धैवत ऐका

नमस्कार. मायनर कॉर्डवर कोणत्या पट्टीचा हार्मोनिका घ्यावा, हे तुम्ही इतक्या वेळा विचारले आहे की आज त्याचा निकाल लावू या. वाद्य दहा छिद्रांचे, नेहमीच्या रिश्टर रचनेचे. सी पट्टीच्या हार्मोनिकावर सी हा षड्ज मानला तर फर्स्ट पोझिशन, जी मानला तर सेकंड, डी मानला तर थर्ड, ए मानला तर फोर्थ आणि ई मानला तर फिफ्थ, हे तुम्हांला ठाऊक असेलच. म्हणजे ए मायनरच्या गाण्याला थर्डसाठी जी, फोर्थसाठी सी आणि फिफ्थसाठी एफ पट्टीचा हार्मोनिका लागतो.

आता माझे दुखणे. ‘मायनर म्हणजे थर्ड पोझिशन’ असे प्रत्येक व्हिडिओखाली कोणीतरी ठणकावून लिहितेच. थर्डमध्ये मिळतो तो काफी थाट, म्हणजे असा स्वरसंच, ज्यात गंधार आणि निषाद कोमल असले तरी धैवत शुद्ध असतो. आसावरी थाटाचा कोमल धैवत हवा असेल तर फोर्थकडे जावे लागते. सगळा घोळ या एका धैवताचा आहे.

हेच कॉर्डच्या बाजूने पाहा. ए हा षड्ज मानला, की एफ शार्प हा शुद्ध धैवत आणि एफ हा कोमल. ए मायनरच्या गाण्यात डी मेजर वाजत असेल, तर तिच्यातला एफ शार्प जी पट्टीच्या हार्मोनिकावर आयता मिळतो. पण डी मायनर किंवा एफ मेजर आली, की त्यांना एफ हवा असतो आणि तुमचा एफ शार्प त्यांच्याशी भांडतो.

मी स्वतः हे भोगले आहे. एकदा ए मायनरच्या गाण्याला मी जी पट्टीचा हार्मोनिका घेतला, चौथे, पाचवे आणि सहावे छिद्र एकत्र ओढले (म्हणजे श्वास आत घेत वाजवले) की भरदार मायनर कॉर्ड निघते या आनंदात पहिली ओळ झकास वाजवली, आणि नेमकी डी मायनर आली तेव्हा सातवे छिद्र ओढून एफ शार्पचा लांब स्वर धरून बसलो. साथीचा गिटारवाला बिचारा वाजवणे थांबवून स्वतःच्याच तारा जुळवू लागला. तो स्वर तिसऱ्या छिद्रात असता तर ओढताना बेंड करून, म्हणजे जीभ आणि श्वासाने वाकवून, अर्ध्या स्वराने उतरवता आला असता. सातव्यात ओढून बेंड होत नाही. म्हणून हार्मोनिका खिशातच ठेवून आधी गाणे गुणगुणा आणि धैवत कोमल लागतो की शुद्ध, ते ऐका.

‘फोर्थमध्ये ई मेजर आली तर काय करायचे?’ असा एक चांगला प्रश्न आला होता. सी पट्टीच्या हार्मोनिकावर सहावे छिद्र ओढून किंचित बेंड केले की जी शार्प, म्हणजे शुद्ध निषाद, षड्जाच्या शेजारीच सापडतो. फोर्थची खरी अडचण खालच्या सप्तकात आहे, कारण तिथला षड्ज तिसऱ्या छिद्रात पूर्ण स्वराच्या बेंडनेच मिळतो आणि नवख्या हातात तो हमखास डळमळतो.

सेकंडमध्येही मायनर वाजते, पण कोमल गंधारासाठी दर वेळी तिसरे छिद्र बेंड करावे लागते. फिफ्थ मात्र उगीच दुर्लक्षित आहे. तिथे भैरवी थाट मिळतो आणि षड्ज दुसऱ्या, पाचव्या व आठव्या छिद्रात नुसते फुंकून येतो. पाचव्या आणि नवव्या छिद्रात ओढून येणारा कोमल ऋषभ तेवढा जपून वापरावा.

मायनरसाठी वेगळी रचना केलेला हार्मोनिका घेणार असाल, तर त्यावर छापलेली पट्टी फर्स्ट पोझिशनची आहे की सेकंडची, हे आधी तपासा. सगळे उत्पादक ती एकाच पद्धतीने छापत नाहीत.