चलन, तीन लिप्या आणि क्लाउडमधला एजंट

[दृश्य: उद्यमबाग, शिफ्ट बदलायची वेळ. लेथचा आवाज, शेडच्या दारात टेम्पो.]

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही शेडमध्ये शिरा, टेबलावर चलन बुक, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या कागदांचं पुस्तक, दिसणारच. पार्टीचा माल आला, टर्निंग झालं, ड्रिलिंग झालं, माल परत निघाला की चलन फाडायचं. आता बऱ्याच ठिकाणी पुस्तक जाऊन कॉम्प्युटर आलाय, पण चलन आहे तेच आहे. आणि बेळगावातलं चलन म्हणजे कसं, वर पार्टीचं नाव इंग्रजीत, पत्ता कन्नडमध्ये, आणि गाडी निपाणीकडनं कागल-कोल्हापूरला जाणार असेल तर खाली ड्रायव्हरसाठी सूचना मराठीत. एका पानावर तीन लिप्या, आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटतही नाही.

आज आपण असं चलन छापणारं एक छोटं सॉफ्टवेअर घेणार आहोत. त्यात दुरुस्ती करायला एआय कोडिंग एजंट लावायचा, पण आपल्या लॅपटॉपवर नाही, क्लाउडमधल्या, म्हणजे इंटरनेटवरनं वापरायच्या लांबच्या मशीनवर. तिथं नक्की काय घडतं, कुठं फसतं, आणि आपल्या सीमाभागातल्या पोरापोरींनी हे का शिकून घ्यायला पाहिजे, हे मला मनापासून सांगायचंय.

[दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, टर्मिनल.]

आधी एजंट म्हणजे काय ते सांगतो. चॅटबॉटला विचारलं की तो कोड लिहून देतो, आपण कॉपी करून पेस्ट करतो, चाललं नाही की परत विचारतो. एजंट तसं करत नाही. तो स्वतः फायली उघडतो, कमांड चालवतो, टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवतो, एरर आली की वाचतो, कोड बदलतो, परत चालवतो, आणि हे फेरे जमेपर्यंत चालूच. 2025 च्या फेब्रुवारीत अँथ्रॉपिकचा क्लॉड कोड प्रिव्ह्यूमध्ये आला, मग मे महिन्यात ओपनएआयचा क्लाउडमधला कोडेक्स, गिटहब ह्या कोड साठवायच्या साइटचा कोपायलट कोडिंग एजंट आणि गूगलचा ज्यूल्स, सगळे एकाच महिन्यात लोकांच्या हातात आले. त्या मे महिन्यातल्या तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी होती, काम तुमच्या मशीनवर होत नाही, त्यांच्याकडच्या वेगळ्या मशीनवर होतं.

का बरं? तर एजंट कमांड चालवतो म्हणजे तुमच्या नावानं चालवतो. तुम्हाला जी फाईल उडवता येते ती त्यालाही उडवता येते. लॅपटॉपवर काय काय असतं बघा ना, बँकेचे स्टेटमेंट, गिटहबच्या किल्ल्या, गिऱ्हाईकाचे ड्रॉइंग, घरच्या लग्नाचे फोटो. म्हणून एजंट सहसा कमांड चालवायच्या आधी विचारतो, चालवू का? सुरुवातीला माणूस वाचून हो म्हणतो, थोड्या वेळानं न वाचता एंटर मारतो, आणि शेवटी कंटाळून परवानगी विचारायचंच बंद करून टाकतो. क्लॉड कोडमध्ये त्यासाठी जो पर्याय आहे त्याच्या नावातच डेंजरसली हा शब्द घातलाय, डेंजरसली स्किप परमिशन्स. माझं स्पष्ट मत आहे, हा पर्याय स्वतःच्या लॅपटॉपवर वापरायचा नाही म्हणजे नाही, कितीही घाई असली तरी.

वेगळी मशीन दिली की हे दुखणं बरंच कमी होतं. उद्यमबागेतल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही, कारण जॉबवर्क तसंच चालतं. ड्रॉइंग द्यायचं, लागेल तेवढा माल द्यायचा, काम दुसऱ्याच्या शेडमध्ये होतं, आपल्या स्टोअरची किल्ली काय त्याला कुणी देत नाही, आणि पार्ट परत आला की गेज लावून बघितल्याशिवाय पुढं जात नाही.

[दृश्य: खानापूर, पाऊस. घरात एका मुलीचा जुना लॅपटॉप, चार्जर लोंबतोय.]

आता खानापूर तालुक्यात पावसाळ्यात काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीकडं झडी लागली की लाईट गेलीच, त्यात बॅटरी जुनी. ह्या मुलीच्या लॅपटॉपवर एजंट चालू असता तर अर्ध्यातच बंद पडला असता. क्लाउडमध्ये काम दिलेलं असेल तर ते तिकडं चालूच राहतं, लाईट आली की बघायचं, नाहीतर फोनवर गिटहब उघडून बघायचं. आणि अजून एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. पूर्वी पण लांबच्या सर्व्हरवर काम करता यायचंच, पण रेंज कमी असली की एक एक अक्षर उशिरा उमटायचं, जीव जायचा. एजंटला चार ओळींचं काम लिहून पाठवायचं असतं, त्याला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. मच्छेला व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, त्या विद्यापीठाच्या कॉलेजांत फायनल इयरला असलेल्या कुणालाही विचारा, लॅबच्या पीसीवर बऱ्याचदा काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते. ब्राउझर मात्र असतोच, आणि इथं तेवढाच लागतो.

[दृश्य: ब्राउझरमध्ये गिटहब कोडस्पेसेस. फाईल जवळून.]

आपण घेतलंय गिटहब कोडस्पेसेस, म्हणजे ब्राउझरमधनं वापरायची गिटहबची क्लाउड मशीन. रेपोमध्ये, म्हणजे गिटहबवरच्या आपल्या कोडच्या साठ्यात, डेव्हकंटेनर नावाची एक फाईल ठेवायची, डॉट डेव्हकंटेनर फोल्डरमध्ये. त्यात लिहायचं की मशीनवर काय काय पाहिजे, कुठलं लिनक्स, पायथनचं कुठलं व्हर्जन, कुठले पॅकेज. बटण दाबलं की त्या वर्णनाप्रमाणे एक कंटेनर, म्हणजे सांगितलं तेवढंच बसवलेलं बंदिस्त लिनक्स, तयार होतो, आणि प्रत्येक कोडस्पेसला स्वतःची व्हर्च्युअल मशीन असते, दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेतलेली नाही. बिघडलं तर पुसून टाकायचं आणि परत बटण दाबायचं, बस्स.

एजंटला काम मराठीतच दिलं. असं लिहिलं: "चलनाच्या पीडीएफवर पार्टीचा पत्ता कन्नडमध्ये आणि सूचना मराठीत नीट छापल्या पाहिजेत, नमुना म्हणून चिक्कोडी आणि हुक्केरीचे पत्ते वापर, टेस्ट लिही, मेनला हात लावू नको, वेगळ्या ब्रँचवर कर." मेन म्हणजे कोडची मुख्य प्रत, ब्रँच म्हणजे बदल करून बघायची वेगळी प्रत. मराठी त्याला चांगलं समजतं. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचतं ते, लागतात हे खरं, पण नीट मराठीत सांगितलेलं काम मोडक्या इंग्रजीपेक्षा बरं होतं, हे मी ठामपणे सांगेन.

एजंट कामाला लागला. फायली वाचल्या, टेम्प्लेट बदललं, टेस्ट लिहिल्या, चालवल्या, सगळ्या हिरव्या. पुल रिक्वेस्ट, म्हणजे हे बदल मेनमध्ये घ्या अशी विनंती, आली, खाली लिहिलेलं, काम पूर्ण.

[दृश्य: पीडीएफ. कॅमेरा पत्त्यावर.]

पीडीएफ उघडली. कन्नड पत्त्याच्या जागी चौकोन, चौकोन, चौकोन. मराठी सूचनेत चिक्कोडीची पहिली वेलांटी च च्या उजवीकडे जाऊन बसलीय, आणि हुक्केरीतलं जोडाक्षर फुटलंय, क चा पाय मोडून के बाजूला.

मग टेस्ट हिरव्या कशा? कारण टेस्ट काय तपासत होती, पीडीएफ तयार झाली का आणि एक पान आहे का. झाली, आहे. एजंट खोटं बोलला नाही, त्यानं जे मोजलं ते बरोबरच होतं, पण पान कुणी डोळ्यानं बघितलंच नव्हतं.

कारणं दोन निघाली. ऑफिसच्या विंडोज पीसीवर निर्मला यूआय नावाचा फॉन्ट आधीपासून असतो, त्यात देवनागरी पण आहे आणि कन्नड पण, म्हणून तिथं कधी कळलंच नाही. क्लाउडमधला लिनक्स कंटेनर मात्र कोरा असतो, आपल्या लिप्यांचे फॉन्ट सांगितल्याशिवाय येत नाहीत. तर डेव्हकंटेनरच्या डॉकरफाईलमध्ये, म्हणजे कंटेनर कसा बनवायचा ते लिहिलेल्या फाईलीत, फॉन्ट्स नोटो कोअर हे पॅकेज टाकलं, कन्नड आलं, देवनागरी आली. दुसरं कारण पीडीएफच्या लायब्ररीत होतं. ती अक्षरं एकामागं एक ठेवत जायची, वेलांटी कुठं सरकते, जोडाक्षर कसं होतं, हे तिला माहितच नव्हतं. ते काम एजंटनं हेडलेस क्रोमियमकडं, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या ब्राउझरकडं दिलं, कारण त्याच्यात हार्फबझ आहे जे भारतीय लिप्या बरोबर जुळवतं. आणि टेस्टमध्ये आता पीडीएफफॉन्ट्स ही कमांड चालवून दोन्ही फॉन्ट आत बसलेत का ते बघतात, शिवाय पानाचा फोटो काढून पुल रिक्वेस्टमध्ये जोडतात, म्हणजे माणसाला बघावंच लागतं.

अजून एक गोष्ट अशीच सापडली. रात्रपाळीत एक वाजता काढलेल्या चलनावर आदल्या दिवसाची तारीख. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपण साडेपाच तास पुढं, म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत त्या मशीनच्या हिशोबानं कालचाच दिवस चालू असतो. चलनावरची तारीख चुकली तर वाटेत तपासणीला गाडी अडू शकते, ही काय हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. टाइमझोन एशिया कोलकाता अशी एक ओळ घातली, आणि रात्री एक वाजताची एक टेस्ट मुद्दाम ठेवली.

[दृश्य: सेटिंग्जचं पान, सीक्रेट्सची यादी रिकामी.]

आता किल्ल्यांकडं येऊ, कारण मला सगळ्यात जास्त काळजी ह्याची आहे. कोडस्पेसमध्ये जे सीक्रेट, म्हणजे पासवर्ड किंवा किल्ली, ठेवता ते एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणून, म्हणजे प्रोग्रामना वाचता येणारी नोंद म्हणून, मशीनवर येतं, आणि जे मशीनवर आहे ते एजंटला वाचता येतं. म्हणून खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड तिथं ठेवायचाच नाही. 2025 च्या जुलैमध्ये रेप्लिट ह्या कोडिंगच्या साइटवर एका माणसाच्या प्रयोगात एजंटनं चालू असलेला प्रॉडक्शन, म्हणजे खऱ्या कामातला, डेटाबेस उडवला, बदल करू नको असं बजावून सांगितलेलं असतानाही. कंपनीच्या सीईओनं माफी मागितली, आणि डेव्हलपमेंटचा डेटाबेस प्रॉडक्शनपासून वेगळा ठेवायची सोय आणली. सांगून थांबत नाही त्याला सांगण्यावर सोडायचं नाही, त्याच्या हाताला तो डेटाबेस लागायलाच नको.

आपल्या कोडस्पेसमध्ये म्हणून खोट्या पार्ट्यांचा छोटा डेटाबेस आहे. कोडस्पेसला मिळणारा गिटहबचा टोकन, म्हणजे इथं प्रवेशाची किल्ली, मुळातच त्या एका रेपोपुरता असतो, तो वाढवला नाही. मेन ब्रँचवर थेट पुश, म्हणजे बदल परस्पर पाठवणं, बंद. आणि गिऱ्हाईकांचे ड्रॉइंग रेपोत नाहीतच, त्यांच्यावर गुप्ततेचे करार असतात, ते शेडच्या कॉम्प्युटरवरच राहतात.

बाहेरचं इंटरनेट पण मोकळं सोडायचं नाही. एजंट एखाद्या पॅकेजचं रीडमी, म्हणजे माहितीची फाईल, वाचतो किंवा कुणीतरी टाकलेला इश्यू, म्हणजे गिटहबवरची तक्रार, वाचतो, त्यात कुणी लपवून लिहिलेलं असलं की अमुक किल्ली तमुक पत्त्यावर पाठव, तर मॉडेल त्याला आपलाच हुकूम समजू शकतं. ह्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, आणि ह्यावर अजून तरी शंभर टक्के खात्रीचा इलाज नाही. उपाय एवढाच की पॅकेज जिथनं येतात ते आणि गिटहब, असे मोजके पत्ते चालू ठेवायचे, बाकी सगळं बंद. क्लॉड कोडसाठी अँथ्रॉपिकनं जो नमुना डेव्हकंटेनर दिलाय त्यात अशी फायरवॉलची स्क्रिप्ट आहे, ती उचलायची आणि आपली यादी घालायची.

[दृश्य: शेड. मालक चष्मा लावून चलनाची प्रिंट बघतायत.]

मालकांनी प्रिंट उजेडात धरून बघितली, कन्नड वाचलं, मराठी वाचलं, मान हलवली, आणि पहिला प्रश्न पैशाचा.

"काय गा, रात्रभर ते मशीन चालू राहिलं तर बिल कुणाच्या नावावर?"

"काका, बिलं दोन असतात. एक मशीनचं, एक एजंटच्या टोकनांचं."

मशीनचं असं आहे. गिटहबच्या फ्री पर्सनल अकाउंटला महिन्याला 120 कोअर-तास मिळतात, म्हणजे दोन कोअरची मशीन घेतली तर 60 तास, चार कोअरची घेतली तर 30 च, शिवाय 15 जीबी जागा. काही हालचाल नसली तर कोडस्पेस 30 मिनिटांनी आपोआप थांबतो, सेटिंगमध्ये ते 5 मिनिटांपासून 240 मिनिटांपर्यंत करता येतं. पण थांबला तरी जागेचा हिशोब चालूच राहतो, म्हणून काम झालेला कोडस्पेस डिलीट करायचा. टोकनांचं बिल वेगळं, आणि ते फुगतं ते एजंट एकाच एररवर घिरट्या घालत बसला की. त्याला मर्यादा घालून ठेवायची, आणि काम छोटं द्यायचं. सगळं सॉफ्टवेअर नीट कर असं सांगितलं की पैसे पण जातात आणि आलेले बदल वाचायला पण कुणी बसत नाही.

काकांनी ते ऐकून टाइमआउट 15 मिनिटांवर आणायला लावला. जीएसटीचे दर ज्या फाईलीत आहेत तिला एजंटनं हात लावायचा नाही, ते अकाउंटंट बघेल, हे पण त्यांनीच ठरवलं आणि मला ते पटलं. खानापूरची ती मुलगी आता पुढचं काम लिहायला बसलीय, कुठल्या पार्टीचं किती स्क्रॅप परत द्यायचं राहिलंय त्याचा हिशोब, जो अजून काकांच्या वहीत आहे, अर्धा मराठीत, आकडे कन्नडमध्ये.