वॉचडॉग चालू आहे, पण राखतोय काय?

खानापूर, निपाणी, चिकोडीकडं शेतातला पंप मोबाईलवरून सुरू-बंद करणारे डबे आता बरेच दिसतात. तुमच्यापैकी काहीजण बेळगावच्या उद्यमबागेत असले बोर्ड बनवतही असाल. बोर्ड मधेच अडकला तर काय, एवढ्याच गोष्टीवर आज बोलतो.

थ्री फेज येते अडनिड्या वेळी. मोटार सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं, कॉन्टॅक्टरची (मोटारीला वीज जोडणाऱ्या स्विचची) कॉइल सुटताना स्पाइक मारते, आणि प्रोसेसर कुठल्यातरी लूपमध्ये फिरत राहतो. विहिरीचं पाणी संपलं तरी मोटार कोरडी चालूच. मध्यरात्री रीसेटचं बटण दाबायला शेतात कोण जाणार? म्हणून चिपमध्येच वॉचडॉग असतो. त्याचा काउंटर उलटा मोजत जातो. प्रोग्रॅमनं तो वेळेत पुन्हा भरला नाही, तर शून्यावर आल्यावर चिप रीसेट होते.

एसटीएम३२ एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप घ्या. तिचा स्वतंत्र वॉचडॉग आतल्या साधारण ४० किलोहर्ट्झच्या ऑसिलेटरवर, म्हणजे ठोके देणाऱ्या घड्याळावर चालतो, त्यामुळं मुख्य घड्याळाचा क्रिस्टल बंद पडला तरी त्याचं मोजणं थांबत नाही. प्रीस्केलर (ठोके किती पटीनं हळू करायचे) ६४ आणि रीलोड (मोजणी कुठून सुरू करायची) १२४९ ठेवला की हिशेबानं २ सेकंद मिळतात. पण हा ऑसिलेटर ३० ते ६० किलोहर्ट्झमध्ये कुठंही असू शकतो. म्हणजे तुमचे २ सेकंद एका बोर्डावर १.३ निघतील, दुसऱ्यावर २.७. लूपला दीड सेकंद लागत असेल, तर टेबलावर सगळं ठीक चालेल आणि गिऱ्हाइकाकडं रीसेट होत बसेल.

आता खरी गोम. बरेचजण टायमर इंटरप्टमध्ये, म्हणजे ठरावीक वेळानं मुख्य काम मधेच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये, वॉचडॉग रिफ्रेश करतात (काउंटर पुन्हा भरतात). मुख्य लूप मेला तरी इंटरप्ट येतच राहतो. मजूर झोपलाय आणि मुकादम त्याची हजेरी मांडतोय, तसला प्रकार. त्यापेक्षा पाण्याची पातळी वाचणं, कॉन्टॅक्टर सांभाळणं, मोडेमशी बोलणं, या प्रत्येक कामाला खुणेचा एकेक बिट द्या. काम खरंच पुढं सरकलं तरच त्यानं आपला बिट लावायचा. तिन्ही लागले की एकाच ठिकाणी रिफ्रेश करा आणि बिट पुसा. मोडेम नेटवर्क शोधायला अर्धा मिनिट घेईल, तेवढा वेळ हा वॉचडॉग देऊच शकत नाही. नेहमीच्या ४० किलोहर्ट्झला त्याची कमाल २६ सेकंदांच्या आसपास. म्हणून मोडेमच्या कामानं अडून न बसता, वाट बघतानाही आपली मुदत तपासत बिट लावत राहायचा. आणि मोडेमच गोठला असेल तर चिप रीसेट करून तो जागा होत नाही. त्याची रीसेट किंवा पॉवरची लाईन वेगळी ओढा.

रीसेटच्या क्षणी पिना तरंगत्या इनपुट होतात हे हार्डवेअरवाल्यानं विसरू नये. कॉन्टॅक्टर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरला पुलडाउन रेझिस्टर (पिन तरंगत असताना तिला शून्याकडं ओढणारा) हवाच, नाहीतर प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच मोटार झटका खाईल. ५ व्होल्टवर एटीमेगा३२८पी ही दुसरी चिप वापरत असाल तर ब्राउन-आउटची (व्होल्टेज पडलं की रीसेट करायची) पातळी ४.३ व्होल्ट निवडा. त्या चिपची आणखी एक खोड आहे: वॉचडॉग रीसेटनंतर वॉचडॉग चालूच राहतो, तोही सर्वात छोट्या १६ मिलिसेकंदांवर. सुरुवातीलाच वॉचडॉग रीसेटचा झेंडा (कारण सांगणारा बिट) पुसून तो बंद केला नाही, तर रीसेटवर रीसेट.

एफ१०३ मध्ये रीसेटचं कारण सीएसआर रजिस्टरमध्ये मिळतं. आतल्या रीसेटनंही एनआरएसटी ही रीसेटची पिन खाली ओढली जाते, त्यामुळं पिन रीसेटचा झेंडा जवळजवळ नेहमीच वर दिसतो. आधी वॉचडॉगचा झेंडा बघा, नोंद फ्लॅशमध्ये ठेवा, मग झेंडे पुसा. नोंदीत वॉचडॉग लागोपाठ दिसला तर पंप आपोआप सुरू करू नका, मालकाला मेसेज जाऊ दे.

डीबग करताना ब्रेकपॉइंटवर (प्रोग्रॅम मुद्दाम थांबवतो तिथं) चिप रीसेट होते म्हणून वॉचडॉगची ओळ कॉमेंट करून बंद ठेवतात, आणि तसाच माल बाहेर जातो. कॉमेंट कशाला? डीबगच्या वेळी वॉचडॉग थांबवायचा बिट त्याच चिपमध्ये दिलाय. बाहेर जाणाऱ्या फर्मवेअरवर प्रत्येक कामात मुद्दाम अनंत लूप घाला, तिन्ही वेळा वेगवेगळं, मोटारीच्या जागी बल्ब लावून. तिन्ही वेळा बल्ब विझला पाहिजे.